सक्तीचा वाटाड्या

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात, यलोस्टोन नॅशनल पार्कच्या दक्षिण हद्दीला लागून, टीटन विल्डरनेस नावाचा डोंगराळ मुलूख आहे. पुण्या-मुंबईहून गेलेला एखादा माणूस तिथे पाठीवर तंबू टाकून एकटा दहा दिवस भटकू शकतो. लायसन्स काढून ओढ्यात ट्राउट पकडू शकतो. कडे चढू शकतो, वाट चुकू शकतो, अस्वलाच्या पुढ्यात जाऊन उभा राहू शकतो. बरोबर कोण आहे, असं त्याला कोणी विचारत नाही. मात्र तोच माणूस खिशात एल्कचं लायसन्स आणि खांद्याला रायफल घेऊन शिकारीला निघाला, तर वायोमिंगचा कायदा त्याला विल्डरनेसच्या पाटीपाशी अडवतो. पुढे जायचं असेल तर परवानाधारक वाटाड्या हवा, नाहीतर वायोमिंगचा रहिवासी असलेला सोबती हवा. शेजारच्या कोलोरॅडोत जन्मापासून डोंगर तुडवलेल्या माणसालाही हाच नियम. वायोमिंगच्या माणसाला मात्र तो लागू नाही, मग त्याने आयुष्यात कधी तंबू ठोकलेला नसला तरी.

आणि ती जमीन वायोमिंगची नाहीच. ती केंद्र सरकारची आहे, म्हणजे तिथल्या भाषेत बोलायचं तर प्रत्येक अमेरिकनाची. बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्यांना हा नियम डाचतो तो इथे. आउटफिटर, म्हणजे घोडी-खेचरं, तंबू, स्वयंपाकी आणि वाटाडे बाळगून शिकारीच्या मोहिमा चालवणारे स्थानिक धंदेवाले, या नियमाच्या बाजूने उभे राहतात. भांडण जुनं आहे आणि दोन्हीकडे खरी बाजू आहे. शिकार करावी की नाही हा प्रश्न मी इथे बाजूला ठेवतो आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तो आधी सुचणार हे उघड आहे, पण तिथल्या समाजाने त्याचं उत्तर आपल्यापुरतं देऊन टाकलेलं आहे. शिकार होणारच, हे धरून मदतनीस किती असावा, कोणी ठरवावा आणि कशासाठी, एवढंच इथे तोलायचं आहे.

आधी जनावर. एल्क म्हणजे हरणांतलं थोरलं घराणं. नावाचा एक घोळ आहे : युरोपात एल्क म्हणतात ते मूसला. अमेरिकेत आलेल्या गोऱ्यांनी ते नाव भलत्याच जनावराला चिकटवलं आणि ते तसंच राहिलं. शॉनी लोकांचा शब्द वापिटी, अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा. तो जास्त प्रामाणिक. काश्मीरचा हंगुल हा त्याचा जवळचा भाऊबंद. आपला सांबर डोळ्यांसमोर आणा, भारतातलं सर्वांत मोठं हरिण. एल्कचा पुरा वाढलेला नर त्याहूनही भारी, तीनशे-सव्वातीनशे किलोचा. विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारासाठी चाललेल्या बेसुमार शिकारीने अख्ख्या खंडात हे जनावर लाखाच्याही खाली आलं होतं. आज ते दहा लाखांच्या आसपास आहे. सहा लाखही वस्ती नसलेल्या एकट्या वायोमिंगमध्ये एक लाखाहून जास्त एल्क आहेत. ही वाढ आपोआप झालेली नाही. बाजारी शिकार बंद झाली, कळप दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडले गेले आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली व काडतुसांवर बसवलेला ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला गेला. शिकाऱ्याच्या खिशातला पैसा जनावराच्या रक्षणाला लागतो हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तिथे ते शंभरेक वर्षं चाललं आहे, आणि हक्काची भाषा शिकाऱ्याच्या तोंडी येते ती याच कारणाने.

आता मालकी. अमेरिकेच्या एकूण भूभागापैकी सुमारे २८ टक्के जमीन केंद्राच्या ताब्यात आहे आणि तिचा मोठा हिस्सा पश्चिमेच्या राज्यांत. नॅशनल पार्क वगळता यातल्या बहुतेक जमिनीवर शिकारीला मुभा आहे. १९६४ च्या विल्डरनेस कायद्याने त्यातल्याच काही भागांना आणखी कडक संरक्षण दिलं. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. मांस ओढायची दोन चाकांची हातगाडीही चालत नाही. जायचं ते पायी किंवा जनावराच्या पाठीवर. वायोमिंगमध्ये अशी सुमारे तीस लाख एकर जमीन आहे.

जमीन केंद्राची, पण तिच्यावर चरणारं जनावर राज्याच्या अखत्यारीत, असा हा संसार आहे. किती मारायचे, केव्हा, कोणी आणि किती पैसे भरून, हे राज्य ठरवतं. बाहेरच्याला जास्त भुर्दंड का, म्हणून मॉन्टानातलं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. तेव्हा तिथल्या रहिवाशाला एल्कचं लायसन्स ९ डॉलरला मिळे आणि बाहेरच्याला २२५ डॉलरचं एकत्रित लायसन्स घ्यावं लागे. १९७८ मध्ये न्यायालयाने बाल्डविन खटल्यात राज्याची बाजू उचलून धरली : हौसेची शिकार हा काही असा मूलभूत हक्क नाही की जो प्रत्येक राज्याने सर्वांना सारखाच द्यावा. वायोमिंगमध्ये आज रहिवाशाला एल्कसाठी ५७ डॉलर पडतात, बाहेरच्याला साधारण सातशे. तेव्हा 'जमीन आमची, मग अट कशाला' या युक्तिवादाचा पाया वाटतो तितका भक्कम नाही. जमिनीवर पाय ठेवायला कोणी अडवत नाही. अडवतात ते जनावर मारायला, आणि जनावर राज्याकडे आहे.

पण राज्याला अधिकार असला, म्हणून ही अट शहाणपणाची ठरत नाही.

अटीच्या बाजूने पहिलं सांगितलं जातं ते सुरक्षिततेचं. हा डोंगर दहा-अकरा हजार फुटांचा. सप्टेंबरात दुपारी शर्टावर घाम आणि रात्री पाण्याची बाटली गोठलेली. ऑक्टोबरात एका रात्रीत गुडघाभर बर्फ. माणूस हरवला तर शोधायला जातात ते बहुतेक आसपासच्या गावातले स्वयंसेवक. हे सगळं खरं आहे. पण ते पाठीवर तंबू घेतलेल्या भटक्यालाही तितकंच लागू होतं, आणि त्याला कोणी वाटाड्या घ्यायला लावत नाही. माशांमागे ओढ्याने वर वर जाणारा माणूस एल्कच्या शिकाऱ्याइतकाच सहज पाय मोडून घेतो. मग शिकाऱ्यालाच वेगळं का काढायचं?

याला आउटफिटरांकडे एक खरं उत्तर आहे, पण ते ते नीट देत नाहीत. शिकाऱ्याचा धोका गोळी सुटण्याआधी भटक्याइतकाच असतो. गोळी लागली की तो बदलतो.

आकडेमोड करून पाहा. तिन्हीसांजेला, गाडीरस्त्यापासून आठ किलोमीटरवर, पडलेल्या झाडांच्या उतारावर एक नर पडला आहे. लायसन्सला जोडलेला टॅग भरून त्याला लावायचा. मग अंधार पडायच्या आत कातडं सोडवायचं, कारण एल्कचं कातडं गोधडीसारखं जाड, आत ऊब कोंडते आणि हाडाजवळचं मांस आंबायला लागतं. मागच्या दोन मांड्या, पुढचे दोन फरे, पाठीचे लांब पट्टे, मान, बरगड्यांवरचं मांस. सगळं सुटं करून कापडी पिशव्यांत भरून सावलीत टांगायचं. एकेक मागची मांडी हाडासकट तीस किलोच्या पुढे जाते. हाडं काढून टाकली तरी नव्वद-शंभर किलो निव्वळ मांस उरतं. धडधाकट माणसाने दर खेपेला तीस किलो उचलले तरी चार खेपा. आठ किलोमीटर ओझ्यानिशी खाली, आठ मोकळ्या पाठीने वर. शेवटची खेप गाडीपाशी पोचेस्तोवर ५६ किलोमीटर चाल होते, तीही विरळ हवेत. दोन दिवस, कदाचित तीन. या काळात दुपारचं ऊन तापलं तर वर टांगलेलं मांस हिरवं पडतं. खाण्याजोगं मांस टाकून देणं हा तिथे गुन्हा आहे. आणि कायद्याचं सोडा, तीनशे किलोचा जीव घ्यायचा आणि अर्धा कावळ्यांना सोडायचा, हे ज्याला चालतं त्याने रायफलीला हात लावू नये असं मानणारे शिकारी तिथे भरपूर आहेत.

त्यातही वायोमिंगच्या वायव्य कोपऱ्यात ग्रिझली अस्वल आहे. रक्ताचा आणि कोथळ्याचा वास त्याला दुरून कळतो. म्हणून तिथे मांस तळापासून दूर, जमिनीपासून दहा फुटांवर आणि खोडापासून चार फूट बाहेर टांगायचा दंडक आहे. दुसऱ्या दिवशी उरलेलं मांस न्यायला परत येताना माणूस एकटा असतो, दमलेला असतो, हात रक्ताने माखलेले असतात आणि तो खाली वाकून सुरी चालवत असतो. एवढा वेळ जंगलाकडे पाठ करून भटक्या कधी बसत नाही.

म्हणजे मदतनिसाची खरी गरज गोळी सुटल्यानंतरची आहे. दोन खेचरं असली तर नव्वद-शंभर किलोचं मांस एका फेरीत उतरतं. खेचर साधारण सत्तर किलो वाहतं. ती लादायलाही कसब लागतं. दोन्ही बाजूंचं वजन जुळलं नाही तर उतारावर खोगीर फिरतं आणि जनावर बुजतं. ही विद्या पुस्तकातून येत नाही. तिथल्या काही घरांत ती तीन-चार पिढ्या चालत आलेली आहे.

२०१८ च्या सप्टेंबरात याच टीटन विल्डरनेसमध्ये एक वाटाड्या आणि त्याचा गिऱ्हाईक आदल्या दिवशी बाण लागलेल्या एल्कचं मांस काढायला गेले. ग्रिझलीची मादी आणि तिचं मोठं झालेलं पिल्लू अंगावर आलं. गिऱ्हाईक वाचला, वाटाड्या गेला. या घटनेकडे दोन्ही बाजू आपापल्या डोळ्यांनी पाहतात. एक म्हणते, पाहा, अनुभवी माणूस बरोबर असूनही हे घडलं. मग सक्तीने कोणती सुरक्षितता मिळाली? दुसरी म्हणते, तो एकटा असता तर परतलाच नसता. मला मात्र त्यात तिसरंच दिसतं. सुरक्षिततेच्या नावाने केलेली सक्ती धोका संपवत नाही, तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर सरकवते. पैसे देणाऱ्याकडून मजुरी घेणाऱ्याकडे. आपल्याकडच्या गिर्यारोहणाच्या बातम्या वाचणाऱ्याला हे नवं नाही. एव्हरेस्टवर दोर बांधायला पुढे जातो तो शेर्पाच.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्या मते अधिक जड आहे.

कायद्याने दिलेली पळवाटच कायद्याचं पितळ उघडं पाडते. वायोमिंगचा रहिवासी बाहेरच्या मित्राला विल्डरनेसमध्ये फुकट नेऊ शकतो. वर्षाला दोघांपर्यंत, मोबदला न घेता. कागद भरायचा, झालं. त्या रहिवाशाला खोगीर कसता यायला पाहिजे, प्रथमोपचार माहीत पाहिजेत, डोंगराची ती बाजू एकदा तरी पाहिलेली पाहिजे, अशी काही अट नाही. शायेनमध्ये दुकान चालवणारा मेव्हणा चालतो. तीस वर्षं रॉकी पर्वतात शिकार केलेली कोलोरॅडोची बाई चालत नाही. सुरक्षितता हाच हेतू असता, तर कौशल्य तपासलं असतं, पत्ता नव्हे.

याच्या तुलनेत अलास्काचा नियम पाहा. तिथेही बाहेरच्या अमेरिकनाला वाटाड्या लागतो, पण तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि डोंगरी बकरा या तीनच शिकारींसाठी. नाहीतर जवळच्या नात्यातला, अलास्कात राहणारा प्रौढ माणूस बरोबर हवा. नातलगाची पळवाट तिथेही आहेच. पण निदान रेघ जनावरावर आणि भूभागाच्या अवघडपणावर मारलेली आहे. वायोमिंगने ती नकाशावरच्या एका हद्दीवर मारली. हद्दीच्या अलीकडे, तितक्याच उंच आणि तितक्याच अस्वलांच्या जंगलात, हाच बाहेरचा शिकारी एकटा फिरायला मोकळा आहे.

मग खरा हेतू काय? तो उघड आहे, आणि मला तो लाजिरवाणाही वाटत नाही. आउटफिटरांचा धंदा टिकावा, गर्दी कमी राहावी, आणि डोंगराचा आतला भाग स्थानिकांना जरा मोकळा मिळावा. विल्डरनेसमधली सप्ताहभराची वाटाड्यासकट शिकार सहा-आठ हजार डॉलरांना सहज पडते, वर बक्षिसी. ज्या गावात हिवाळ्यात पेट्रोलपंप आणि शाळा सोडून नोकरी नाही, तिथे हे पैसे स्वयंपाक्याला, घोडी सांभाळणाऱ्या पोराला, नालबंदाला, गवत विकणाऱ्या शेतकऱ्याला पोचतात. ताडोब्यात जिप्सीत बसताना स्थानिक गाइड सक्तीचा आहे, आणि आपल्यापैकी कोणी त्याबद्दल कुरकुर करत नाही. का नाही? कारण त्याचं शुल्क ठरलेलं असतं, पर्यटकाच्या एकूण खर्चात ते डोळ्यांत भरत नाही, आणि चंद्रपूरहून आलेला असो की मुंबईहून, दोघांनाही गाइड घ्यावा लागतो. जंगलाचा त्रास सोसणाऱ्या गावाला जंगलातून चार पैसे मिळावेत, हे आपल्याला पटलेलं आहे. वायोमिंगच्या नियमात पहिल्या दोन गोष्टी नाहीत आणि तिसरी तर मुळीच नाही. तिथे तर शुल्क बाजार ठरवतो, आणि सक्ती असल्यामुळे बाजारात गिऱ्हाईक आयतं येतं.

याच प्रश्नाशी दुसऱ्या राज्यांनी वेगळ्या तऱ्हेने झटापट केली आहे. न्यू मेक्सिकोत सोडत निघते तेव्हा ८४ टक्के लायसन्सं रहिवाशांना, ६ टक्के बाहेरच्यांना, आणि १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना जातात. ही सक्ती नव्हे, वशिल्याची वेगळी खिडकी म्हणा हवं तर. पण ती निदान उघड आहे, टक्क्यांत छापलेली. मॉन्टानात आउटफिटरांच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली लायसन्सं होती. २०१० मध्ये मतदारांनी आय-१६१ या प्रस्तावाने ती काढून टाकली. जनता आउटफिटरांच्या बाजूनेच असते असं मुळीच नाही.

इथे थोडं विषयांतर. सार्वजनिक जमिनीच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी वायोमिंगच्या दुसऱ्या टोकाकडेही पाहावं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना एक आड एक चौकोन जमीन मिळाली. त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झाला : पांढरं घर सरकारी, काळं खासगी. पांढऱ्यातून पांढऱ्यात जायचं तर कोपऱ्यावरूनच. २०२१ मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ शिडी लावून तो कोपरा ओलांडला, खासगी मातीला पाय न लावता. त्यांच्यावर अतिक्रमणाचा गुन्हा दाखल झाला, ज्यूरीने त्यांना सोडलं. रँचमालकाने दिवाणी दावा लावला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने कौल दिला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. एका शिडीपायी एवढं रामायण. वाटाड्याच्या सक्तीने निदान दार उघडं ठेवून भाडं मागितलं जातं. त्या कोपऱ्यांवर दारच नव्हतं. अडवणुकीच्या क्रमवारीत विल्डरनेसचा नियम पहिला येत नाही, हे मान्य करायला हवं.

सक्तीचं बाजूला ठेवलं, तरी मदतनीस शिकारीचं काय करून टाकतो हा प्रश्न राहतोच, आणि मला तो कायद्याहून जास्त गुंतागुंतीचा वाटतो.

चांगला वाटाड्या पहाटेच्या अंधारात वारं पाहायला चिमूटभर पांढरी पूड सोडतो. ती खाली वाहिली की त्याला कळतं, थंड हवा अजून दरीत उतरते आहे. मग तो वरच्या अंगाने जात नाही. दहा वाजता उतार तापला की वारं उलटतं. एल्कला डोळ्यांपेक्षा नाक जास्त सांगतं, आणि बाहेरून आलेल्या शिकाऱ्याची पहिली दोन वर्षं हे वारं समजण्यातच जातात. कोलोरॅडोत वर्षानुवर्षं पाचातल्या साधारण चौघांना रिकाम्या हाताने घरी जावं लागतं. वाटाड्या ही दोन वर्षं विकत देतो. उत्तरेकडच्या उतारावरच्या गर्द झाडीत जनावर दुपारी कुठे बसतं, बर्फ पडला की कोणत्या खिंडीने उतरतं, हे त्याच्या डोक्यात असतं. तो तिवईवरच्या दुर्बिणीतून समोरचा डोंगर तासन्‌तास चाळतो, नर शोधतो, अंतर मोजतो, आणि कानात कुजबुजतो : आता.

त्या 'आता'पाशी मी अडतो. ट्रिगर कोणी दाबला? बोट गिऱ्हाइकाचं, निर्णय दुसऱ्याचा. बून अँड क्रॉकेट क्लब १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या पुढाकाराने स्थापन झाला, तेव्हापासून तिथले शिकारी न्याय्य पाठलागाची भाषा बोलतात : जनावराला सुटायची खरी संधी हवी. वायोमिंग सरकार स्वतःच ही भाषा कायद्यात बोलतं. ऑगस्टपासून जानेवारीअखेरपर्यंत विमानातून जनावर हेरायला तिथे बंदी आहे. म्हणजे मदत फार झाली तर शिकार शिकार राहत नाही, हे राज्याला कळतं. तेच राज्य पाटीच्या पलीकडे म्हणतं की मदत नसेल तर शिकार करूच नका.

उलट बाजूने, वाटाड्या हा साक्षीदारही असतो. एकट्या माणसाला कोणी पाहत नाही. तिन्हीसांजेच्या उजेडात ४५० यार्डांवरून झोकून दिलेली गोळी, पोटात लागून पळालेला नर, अर्धा तास शोधून सोडून दिलेला माग. हे सगळं एकट्याच्या मनात गाडलं जातं. शेजारी माणूस असला की तो म्हणतो, लांब आहे, सोड. जखमी जनावरामागे रात्रभर दिवा घेऊन जायला भाग पाडतो, कारण त्याचा परवाना पणाला असतो. मात्र त्याच्या बक्षिसीचा हिशेबही बहुधा खाली पडलेल्या जनावराशी जुळलेला असतो. सहाव्या दिवशी, गिऱ्हाइकाचं विमान परवा असताना, 'सोड' म्हणायला वाटाड्याकडे मोठं मन लागतं.

आणि फुकटचा मदतनीस? मित्र, मेव्हणा, भाऊ. तो वाऱ्याची पूड सोडत नाही, पण चार खेपांच्या दोन करतो. मांस अर्धं त्याच्या घरी जातं. शिकारीच्या गोष्टी पुढे वीस वर्षं ज्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात, ते बहुतेक हेच ओझेवाले. त्याने मित्राच्या टॅगवर गोळी झाडली तर गुन्हा; पण खांदा द्यायला कायद्याची हरकत नाही.

यात आपली माणसं कुठे? विचारायला हरकत नाही, कारण डेन्व्हर, सिअ‍ॅटल, सॉल्ट लेक या डोंगराजवळच्या शहरांत मराठी घरं आता कमी नाहीत. एक मजेशीर तरतूद आहे. एच-वन-बीसारख्या व्हिसावर राहणाऱ्याला अमेरिकेत बंदूक बाळगायला केंद्रीय कायदा एरवी मनाई करतो. पण त्याच्याकडे कोणत्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर ती मनाई उठते. म्हणजे कायद्याच्या नजरेत शिकारी होणं हाच परक्या माणसाचा बंदुकीपर्यंतचा रस्ता आहे. असा एखादा सोलापूरकर इंजिनीअर कोलोरॅडोचा रहिवासी होऊन सार्वजनिक जंगलात एकटा एल्कमागे जाऊ शकतो. हद्द ओलांडून वायोमिंगच्या विल्डरनेसमध्ये शिरला की तो आणि शेजारचा सातव्या पिढीचा कोलोरॅडोवाला, दोघे एकाच रांगेत. परकेपणाची ही समानता मला आवडली, खोटं का बोला.

तर तोलून काय निघतं? सुरक्षितता हे कारण असेल तर अट विल्डरनेसच्या रेघेवरून काढून ग्रिझलीच्या मुलखावर न्यावी, आणि ती रहिवासी-बाहेरचा असा भेद न करता पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला लावावी. निदान अस्वलांच्या मुलखात मांस कसं काढावं याचं एक दिवसाचं शिक्षण तरी. गर्दीचं कारण असेल तर त्याला सोडत आहे, कोटा आहे. राज्य ते हत्यार रोज वापरतं. मांस वाया जाण्याची भीती असेल, आणि मला सगळ्यांत खरी वाटते ती हीच, तर शिकाऱ्याकडे वाटाड्या नव्हे, मांस उतरवायची सोय मागावी : दोन भक्कम सोबती, भाड्याचे लामा (एक लामा पंचवीस-तीस किलो नेतो), किंवा हाक मारल्यावर येईल अशा खेचरवाल्याचं लेखी आश्वासन. आणि स्थानिकांची रोजीरोटी हे कारण असेल, तर तसं सरळ म्हणावं, सुरक्षिततेचं पांघरूण काढावं. ताडोब्यासारखं शुल्क ठरवावं. मी वायोमिंगचा आमदार असतो तर सक्ती उठवायच्या बाजूने मत दिलं असतं, आणि मांसाची अट घातली असती.

फक्त एक आक्षेप या मताला टोचत राहतो. खेचरवाला सप्टेंबर-ऑक्टोबरात हाक मारली की येईल, हे मी गृहीत धरलं. पण तेव्हा त्याची खेचरं रिकामी असतात का? ती वर तळावर असतात, सात-आठ हजार मोजलेल्या गिऱ्हाइकांच्या कामात. ती गिऱ्हाइकं सक्तीमुळे येतात. सक्ती गेली की त्यातली काही येणार नाहीत. मग खेचरं रिकामी होतील खरी, पण तोवर ती विकली गेलेली असतील. एल्क एका संध्याकाळी पडतो. खेचराला जानेवारीतही रोज गवत घालावं लागतं, बर्फ फोडून पाणी दाखवावं लागतं, आणि नाल ठोकणाऱ्याचं बिल उन्हाळ्याच्या आधीच येतं. एका फेरीचं भाडं किती लावलं म्हणजे हे वर्ष निघेल, याचा हिशेब मी दोनदा मांडला. दोन्ही वेळा भाडं एवढं झालं की शिकारी म्हणेल, त्यापेक्षा चार खेपा मीच मारतो. आणि तिसऱ्या खेपेला दुपारचं ऊन तापलेलं असेल.